पन्नाशीत थांबायचं तर दोन कोटी पुरतील का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मिस्टर ३८ वर्षांचे, तुम्ही ३६, मुलगी ७ वर्षांची. पुण्यात स्वतःचा फ्लॅट, त्यावर २८ लाखांचं कर्ज बाकी, व्याज साडेआठ टक्के, हप्ता ३१,०००. दोघांचा मिळून हातात पडणारा पगार १,७२,०००. घरखर्च ‘साधारण ६५ हजार’. म्युच्युअल फंडात एसआयपी, म्हणजे दर महिन्याची ठरलेली गुंतवणूक, ३५,०००, पीपीएफमध्ये महिना ५,०००, दोन एन्डाउमेंट (विमा आणि बचत एकत्र असलेल्या) पॉलिसींचा हप्ता वर्षाला ७२,०००. पीएफमध्ये दोन्ही बाजूंचे मिळून महिना १६,००० जातात. आजवरची पुंजी: पीएफ १९ लाख, म्युच्युअल फंड २४ लाख, पीपीएफ ८ लाख, मुदत ठेव ७ लाख आणि १८ तोळे सोनं. बचत खात्यात वर्षभरात ४० हजारांची भर पडली. मिस्टरांना पन्नाशीत नोकरी सोडायची आहे आणि त्याला दोन कोटी पुरतील असं तुम्हाला वाटतं.

दोन कोटी पुरणार नाहीत. आत्ता चाललंय तसंच चाललं तर पन्नाशीच काय, साठीतही ओढाताण होईल. पण महिन्याला २० हजारांची दिशा बदलली तर छपन्नाव्या वर्षी थांबता येईल. हे आकडे कसे आले ते दाखवते, म्हणजे तुम्हाला ते दरवर्षी स्वतःच पुन्हा मांडता येतील.

तुमचे दोन कोटी ६५,००० गुणिले १२, म्हणजे ७.८ लाख, आणि त्याच्या २५ पट, असे आलेत. यात ६५ हजार चुकलेत आणि २५ पटही चुकलीये.

आधी ६५ हजार. खर्च किती होतो हे कुणालाही विचारलं तर माणूस दर महिन्याला दिसणारे खर्च सांगतो: किराणा, दूध, भाजी, वीज, पेट्रोल, मोबाइल, कामवाल्या मावशी. तो आकडा खोटा नसतो, अर्धा असतो. म्हणून खर्च उलट्या बाजूनं काढायचा. वर्षाचा हातात पडलेला पगार २०,६४,०००. त्यातून कर्जाचे हप्ते ३,७२,००० वजा. एसआयपी, पीपीएफ आणि पॉलिसी मिळून महिना ४६,०००, म्हणजे ५,५२,००० वजा. खात्यात वाढलेले ४०,००० वजा. उरले ११,००,०००. हे पैसे गुंतले नाहीत, कर्जात गेले नाहीत, खात्यातही नाहीत, म्हणजे खर्च झाले. तुमचा खरा खर्च वर्षाला ११ लाख आहे. तुम्ही सांगितला ७.८ लाख. मध्ये ३,२०,००० रुपये हरवलेत.

पुण्यातल्या तीन माणसांच्या घरात हे ३.२ लाख साधारण असे जातात: जूनमध्ये शाळेची फी, गणवेश, वह्या-पुस्तकं ८५,०००. सोसायटीचा मेंटेनन्स ३६,०००. मिळकतकर ९,०००. गाडी आणि स्कूटरचा विमा, सर्व्हिसिंग ३०,०००. एप्रिल-मेमध्ये भरलेला वर्षाचा गहू, तांदूळ, तूरडाळ, मसाल्याची मिरची २५,०००. गणपती आणि दिवाळी ४०,०००. सुट्टीतली सहल ५५,०००. लग्न-मुंजीचे आहेर २०,०००. दात, चष्मा, दवाखाना २०,०००. बेरीज करून पाहा, बरोबर ३.२ लाख होते. तुमच्या घरात एखादा आकडा इकडे-तिकडे असेल, पण जात हीच. यातला एकही खर्च उधळपट्टीचा नाही. ते वर्षातून एकदा येतात आणि प्रत्येक वेळी ‘या महिन्यात जरा जास्त झाला’ म्हणून सोडून दिले जातात, एवढंच. यांच्यासाठी वेगळं बचत खातं उघडा आणि पगाराच्या दिवशी २६,७०० रुपये तिकडे वळवा. जूनची फी आणि भाद्रपदातला खर्च मग एसआयपी बंद पाडत नाही. एसआयपी बंद पडते ती बहुतेक जूनमध्येच, आणि ‘दिवाळीनंतर पुन्हा सुरू करू’ म्हणून राहून जाते.

आता निवृत्तीनंतरचा खर्च. ११ लाखांतून शाळेचे ८५,००० जातील, क्लासचे ४०,००० जातील, नोकरीपायी होणारा प्रवास, डबा, कपडे असे ५५,००० जातील. वाढेल ते असं: कंपनीचं मेडिक्लेम संपेल, स्वतःच्या आरोग्य विम्याला ६०,००० धरा. गाडी, फ्रिज, वॉशिंग मशीन, घराचा रंग, नळाचं काम हे दहा-बारा वर्षांत एकदा येतं. त्याचे वर्षाला ८०,००० बाजूला पडले पाहिजेत. बहुतेकांच्या हिशोबात ही ओळ नसतेच. सगळं जमेस धरून १०.६ लाख राहतात, आजच्या रुपयांत.

आणि पट. २५ पट म्हणजे पुंजीतून दरवर्षी ४ टक्के काढणं. हा नियम विल्यम बेंगेन यांनी १९९४ मध्ये अमेरिकेतल्या शेअर्स आणि रोख्यांच्या आकड्यांवरून काढला, तोही ३० वर्षांच्या निवृत्तीसाठी. आपली महागाई वेगळी, आणि पंचावन्नच्या आसपास थांबणाऱ्या जोडप्याला, त्यात बायको दोन वर्षांनी लहान असेल तर, ३५ ते ४० वर्षं काढायची असतात. मी ३ टक्के धरते, म्हणजे ३३ पट. १०.६ लाखांचे ३३ पट साडेतीन कोटी.

हे साडेतीन कोटी आजच्या रुपयांत आहेत. पुढचा सगळा हिशोबही आजच्याच रुपयांत ठेवा आणि परतावा महागाई वजा करून धरा. इक्विटी (शेअर्समधले) फंड ६० टक्के आणि पीएफ-पीपीएफ ४० टक्के अशा मिश्रणाला महागाईच्या वर साडेतीन टक्के धरणं मला सुरक्षित वाटतं. एसआयपीवर १५ टक्के धरून केलेल्या तक्त्यात दोन दोष असतात: परतावा फुगवलेला असतो आणि शेवटचा आकडा अठरा वर्षांनंतरच्या रुपयांत असतो, म्हणून तो डोंगराएवढा दिसतो.

मोजायची पुंजी फक्त पीएफ, फंड आणि पीपीएफ, मिळून ५१ लाख. राहतं घर मोजायचं नाही, ते विकून खाता येत नाही. मंगळसूत्र, पाटल्या, तोडे मोजायचे नाहीत. ७ लाखांची ठेव ही अडीअडचणीची, घरखर्च आणि हप्ता धरून जेमतेम सहा महिन्यांची. तीही मोजायची नाही.

वर्षाला पीएफ, एसआयपी आणि पीपीएफ मिळून ६.७२ लाख जातात. ते महागाईच्या वेगानं वाढवत नेले तर पन्नाशीला, म्हणजे १२ वर्षांनी, ५१ लाखांचे ७७ लाख आणि नवीन भरलेल्याचे ९८ लाख होतात. बेरीज १.७५ कोटी. लागणार साडेतीन, म्हणजे बरोबर अर्धे. त्यात त्याच वर्षी मुलगी १९ ची असेल, कॉलेजात. तिच्या शिक्षणाला आजच्या किमतीत २० लाख धरले, आणि पन्नाशीला कर्ज फिटल्यावर मोकळा झालेला हप्ताही गुंतवला, तरी साडेतीन कोटींना पोचायला वय ६१-६२ होतं. पॉलिसींची रक्कम धरली तर ६१. कंपनी त्याआधीच घरी पाठवेल.

आता बदल. पॉलिसीचे महिना ६,००० एसआयपीत वळवा आणि घरखर्चातून १४,००० कमी करा. भरणा वर्षाला ९.१२ लाख होतो. इकडे निवृत्तीचा खर्च १०.६ वरून ८.९२ लाखांवर येतो आणि लागणारी पुंजी साडेतीनवरून २.९४ कोटींवर. मुलीच्या शिक्षणाचे २० लाख काढूनही वय साडेपंचावन्न ते छपन्न येतं. साडेपाच-सहा वर्षं नोकरी वाचली, आणि परतावा एक पैसाही जास्त धरलेला नाही.

हे होतं कारण कमी केलेला खर्च दोन ठिकाणी काम करतो. महिना १,००० रुपयांचा कायमचा खर्च बंद झाला की लागणारी पुंजी चार लाखांनी घटते, आणि तेच १,००० गुंतवले तर १५ वर्षांत आजच्या रुपयांत सव्वादोन लाख वेगळे जमतात. एकदाच होणाऱ्या खर्चाला ही ताकद नाही. ६० हजारांचा फ्रिज पुढे ढकलला तर ६० हजारच वाचतात. म्हणून काटकसर शोधायची ती दर महिन्याला येणाऱ्या ओळींत: ॲपवरून मागवलेलं जेवण, न पाहिलेली सबस्क्रिप्शन्स, जिमची वर्षाची फी, दुसऱ्या गाडीचं पेट्रोल, हप्त्यावर घेतलेले मोबाइल. सहल दरवर्षीऐवजी एक वर्षाआड केली तर त्याचेच महिन्याला सव्वादोन हजार होतात. दातांची, डोळ्यांची कामं आणि मुलीची शाळा यांना मात्र हात लावू नका, तिथं वाचवलेलं पुढे दुप्पट जातं.

भरणा महागाईच्या वेगानं वाढवत नेला तर, ही अट वर आलीच आहे, पण घरं अडखळतात ती नेमकी इथं. ३५,००० ची एसआयपी अठरा वर्षं तेवढीच ठेवली तर ६ टक्के महागाईनं शेवटी तिची किंमत आजच्या १२ हजारांएवढी उरते. दर एप्रिलला ती किमान ६ टक्क्यांनी वाढवा. पुढच्या वर्षी ३७,१००. फंडाकडे टॉप-अपची सोय असते, ती नोंदवून टाका म्हणजे आठवण ठेवावी लागत नाही. पगारवाढ महागाईहून जास्त मिळाली तर वरचा सगळा भाग गुंतवणुकीत, खर्चाला स्पर्श नाही. एवढं जमलं तर छपन्नचे चोपन्नही होऊ शकतात.

पॉलिसींबद्दल घाई करू नका. आधी दोघांचा टर्म विमा, म्हणजे बचत नसलेला निव्वळ आयुर्विमा, काढा. मिस्टरांचा दीड ते दोन कोटींचा, तुमचा एक कोटीच्या आसपास, मुदत वयाच्या ६० वर्षांपर्यंतच, कारण पुंजी जमल्यावर विम्याची गरज संपते. मिस्टरांची पॉलिसी १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घेतली तर ते पैसे तुम्हाला आणि मुलीलाच मिळतात, देणेकऱ्यांना त्यांच्यावर हक्क सांगता येत नाही. हा पर्याय अर्ज भरतानाच निवडावा लागतो. टर्म पॉलिसी हातात आल्यावरच विमा कंपनीच्या शाखेत जाऊन जुन्या दोन्हींचं सरेंडर मूल्य (पॉलिसी आत्ता मोडली तर मिळणारी रक्कम) आणि पेड-अप मूल्य (हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर पुढे मिळणारी रक्कम) लेखी मागा. मुदत तीन-चार वर्षांवर आली असेल तर चालू ठेवा. दहा-पंधरा वर्षं बाकी असतील तर पेड-अप करा. सरेंडरमध्ये सहसा मोठी रक्कम कापली जाते. ‘टॅक्स वाचतो’ म्हणून त्या घेतल्या असतील, तर नव्या करप्रणालीत गुंतवणुकीवरची ८० सी ची सूटच मिळत नाही, हे लक्षात घ्या.

त्याच कारणानं गृहकर्जही वेगळं पाहायला हवं. नव्या प्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची वजावट नाही. मग साडेआठ टक्क्यांचं कर्ज लवकर फेडणं हे करमुक्त साडेआठ टक्के मिळवल्यासारखं आहे, आणि तेवढं कुठलीच मुदत ठेव देत नाही. बोनसमधून वर्षाला एक जादा हप्ता, ३१,०००, भरलात तर १२ वर्षांचं कर्ज साधारण साडेदहा वर्षांत संपतं. बदलत्या व्याजदराच्या कर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही. फक्त बँकेला लेखी द्या की हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा. काही ठिकाणी न विचारता हप्ता कमी केला जातो, आणि मग तो फरक खर्चात विरघळतो. एसआयपी थांबवून मात्र कर्ज फेडू नका.

पीपीएफचं व्याज प्रत्येक महिन्याच्या ५ तारखेनंतरच्या सर्वांत कमी शिलकीवर मोजतात. तुमचा हप्ता ७ तारखेला जात असेल तर दर महिन्याला त्या हप्त्याचं एक महिन्याचं व्याज बुडतं. तारीख ३ करा, किंवा वर्षाचे ६०,००० एकदम ५ एप्रिलच्या आत भरा. पंधरा वर्षं झाल्यावर खातं पाच-पाच वर्षांनी वाढवता येतं. भरणा चालू ठेवायचा असेल तर मुदत संपल्यापासून वर्षाच्या आत अर्ज द्यावा लागतो. तो राहिला तर खातं व्याज देत राहतं, पण नवे पैसे टाकता येत नाहीत.

मुदत ठेव कुठं आहे ते तुम्ही लिहिलं नाही. बँकेत, सहकारी बँकेतही, एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे, व्याज धरून. पतसंस्थेला हे संरक्षण नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त १,००० रुपये काढता येत होते. अडीअडचणीचे पैसे अडचणीच्या दिवशी हातात आलेच पाहिजेत, म्हणून ७ लाख दोन बँकांत, दोघांच्या नावांवर विभागून ठेवा. अर्धा टक्का व्याज कमी मिळालं तरी चालेल. भिशी चालू असेल तर ती खर्चाच्या वहीत लिहा, बचतीत नाही.

दोघांच्या नावांवर गुंतवणूक असण्याचा करातही फायदा आहे. इक्विटी फंडावरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यातले वर्षाला १.२५ लाख करमुक्त आहेत, त्यापुढे साडेबारा टक्के. ही सूट माणशी आहे. दोघांकडे युनिट्स असतील तर निवृत्तीनंतर वर्षाला अडीच लाखांचा नफा करमुक्त काढता येतो. तुमचा पगार घरखर्चात आणि मिस्टरांचा गुंतवणुकीत, असं बऱ्याच घरांत असतं. ते उलट करा: खर्च त्यांच्या पगारातून, एसआयपी तुमच्या पगारातून तुमच्या नावावर. पुढे तेच कामाला येतं. एरवीही बाईच्या नावावर तिची पुंजी असावी असं मला मनापासून वाटतं.

आरोग्य विमा आत्ता घ्या, कंपनीचा असला तरी. छपन्नाव्या वर्षी रक्तदाब किंवा साखर निघाल्यावर नवी पॉलिसी मिळणं अवघड, मिळाली तर महाग. आधीच्या आजारांसाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, आणि पाच वर्षं सलग हप्ते भरल्यावर फसवणूक सोडून दुसऱ्या कारणानं कंपनीला ‘माहिती लपवली’ म्हणून दावा नाकारता येत नाही. ही दोन्ही घड्याळं नोकरीत असतानाच सुरू झाली पाहिजेत. तिघांची १० लाखांची मूळ पॉलिसी आणि त्यावर १० लाखांच्या वजावटीचा, म्हणजे पहिल्या १० लाखांच्या वरचा खर्च देणारा, ४० लाखांचा सुपर टॉप-अप घ्या. साधा टॉप-अप प्रत्येक दावा वेगळा मोजतो, सुपर टॉप-अप वर्षाचे सगळे दावे एकत्र मोजतो. फरक नावातल्या एका शब्दाचा आहे, अर्जावर तो शब्द पाहून सही करा. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही.

छपन्न ते साठ हा पट्टा वेगळा आखावा लागतो. ज्येष्ठ नागरिक बचत योजना साधारणपणे साठीनंतरची. पीएफची पेन्शन ५८ व्या वर्षी सुरू होते. ती त्याआधी घेतली तर प्रत्येक वर्षाला ४ टक्के कायमची कमी होते. एनपीएस या राष्ट्रीय पेन्शन योजनेचे नियम बदलत राहतात, तिथले पैसे या पट्ट्यासाठी धरूच नका. नोकरी सोडल्यावर पीएफ खात्यात पडून राहिला तर त्यावर पुढे जमणारं व्याज करपात्र होतं.

म्हणून थांबायच्या आधीची तीन वर्षं बाजारातून पैसे हळूहळू काढून रचना अशी करा, आजच्या रुपयांत: पहिल्या तीन वर्षांचा खर्च, सुमारे २७ लाख, मुदत ठेव आणि लिक्विड (लगेच काढता येणाऱ्या) फंडात. पुढच्या नऊ वर्षांचे सुमारे ८० लाख पीपीएफ, सरकारी रोखे, पोस्टाच्या योजनांत. उरलेले १.८७ कोटी इक्विटी फंडात. यामागचं कारण २००८ मध्ये दिसलं. जानेवारीत २१ हजारांच्या वर असलेला सेन्सेक्स ऑक्टोबरमध्ये १० हजारांच्या खाली आला. त्या वर्षी निवृत्त होऊन खर्चासाठी दर महिन्याला फंड विकणाऱ्याचे युनिट्स अर्ध्या भावात गेले. बाजार पुढे सावरला, पण विकलेले युनिट्स परत आले नाहीत. तीन वर्षांचा खर्च वेगळा असेल तर अशा वर्षी विकावं लागत नाही. बाजार चांगला असेल त्या वर्षी पहिला डबा, म्हणजे तीन वर्षांचा खर्च, पुन्हा भरायचा, पडलेला असेल तेव्हा दुसऱ्या, नऊ वर्षांच्या डब्यातून काढायचं.

राजीनाम्याच्या आधी एक पूर्ण वर्ष, गुढीपाडवा ते गुढीपाडवा, ठरवलेल्या ८.९२ लाखांत, म्हणजे त्या वेळच्या रुपयांतल्या तेवढ्याच किमतीत, राहून पाहा. उरलेला सगळा पगार दुसऱ्या खात्यात. वर्षाचा आकडा मघासारखाच उलट्या बाजूनं काढा. तो ५० हजारांनी चुकला तर पुंजी साडेसोळा लाखांनी वाढवायची, म्हणजे साधारण आणखी एक वर्ष नोकरी. त्याच वर्षात पीएफच्या यूएएनवर (कायम राहणाऱ्या पीएफ क्रमांकावर) जुन्या कंपन्यांची सोडल्याची तारीख चढली आहे का, नावाचं स्पेलिंग आधारशी जुळतं का, प्रत्येक खात्यावर आणि फंडाच्या फोलिओवर नॉमिनी आहे का, ते तपासून घ्या. नोंदीत चूक असेल तर ती दुरुस्त करून घ्यायला कधीकधी महिने जातात, आणि कंपनी बंद पडली असेल तर त्याहून जास्त. हे काम आजही करता येतं, त्यासाठी छपन्नपर्यंत थांबायची गरज नाही.